पडद्यावर दिसलेलं अंगण

इथे कोणी 'आमच्या विहिरीवर बाई दिसली' असं लिहिलं की खाली येऊन 'धुकं असेल', 'ताप होता का?', 'आदल्या दिवशी काय जेवला होतात?' अशा कमेंटी टाकणारा जो आगाऊ मास्तर आहे ना... तो मीच. कर्जतच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. भूत, भानामती, अंगात येणं — आजवर यातल्या एकाही गोष्टीला मी दारात उभं केलेलं नाही. तेव्हा आज कारणं द्यायची पाळी तुमची. जमली तर जरूर द्या, मी हात जोडून वाचेन. फक्त 'भास' म्हणू नका. दोन माणसांना एकाच वेळी एकच भास होत नाही.

आमचं घर कडावला, गावाच्या कडेला. मागे भाताची खाचरं, पुढे अंगण, अंगणात फणस. घरात मी, माझी बायको स्मिता आणि तात्या. तात्या म्हणजे माझा सख्खा काका. त्याने लग्न केलं नाही. माझे वडील लवकर गेले, तेव्हापासून शेती, म्हशी, मी आणि माझी मोठी बहीण — सगळं त्यानेच ओढलं. आम्ही भावंडं त्याला अरे-तुरेच करतो, आमच्याकडे तीच रीत. जुनं पाडून हे घर बांधलं तेव्हा खालची, पुढच्या दारालगतची खोली तात्याची, हे पाया खणण्याआधीच ठरलेलं होतं. त्यावर कधी चर्चाही झाली नाही.

आता माझ्या खुळाबद्दल. मला होम थिएटर हवं होतं. म्हणजे नुसता मोठा टीव्ही नाही. प्रोजेक्टर, भिंतभर पडदा, चांगले स्पीकर, आणि पूर्ण अंधार. मास्तर असलो तरी माणूस आहे, एक हौस असतेच की. रोज संध्याकाळी मोबाईलवर मी हेच बघायचो — पडदा केवढा असेल तर खुर्ची किती लांब ठेवायची, प्रोजेक्टर छताला टांगायचा की मागच्या भिंतीवर. वरच्या मजल्यावर जमेना. वर स्लॅब तापतो आणि खिडक्या दोन्ही बाजूंना. खोपोलीचा एक माणूस हे काम करतो, त्याला घर दाखवायला बोलावलं. तो सगळं घर फिरला आणि तात्याच्या खोलीत येऊन थांबला. म्हणाला, "सर, हीच. लांबी बरोबर हाय, खिडकी एकच, ती पण पडद्याच्या समोर. ती बंद केली की काम झालं."

तात्या तेव्हा मागे गोठ्यात होता. त्याने हे ऐकलं नाही. मीही आवाज खालीच ठेवला होता... त्या क्षणापासून मला ठाऊक होतं की मी काहीतरी चोरून करतोय.

योग असा की तात्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. ऑपरेशन पनवेलला, आणि नंतर थोडे दिवस चौकला ताईकडे राहायचं. ताईचे मिस्टर जुन्या हायवेवर गॅरेज चालवतात, ताई दिवसभर घरी असते, डोळ्यांत थेंब वेळेवर घालेल. इथपर्यंत सगळं सरळ होतं. वाकडेपणा माझा. तो तिकडे असेपर्यंत खोली करून घ्यायची, आणि त्याला मागच्या बाजूची, गोठ्याला लागून असलेली खोली द्यायची, असं मी ठरवलं. म्हशी आता दोनच, वास तसा येत नाही. तिथे टाईल्स लावून घेतल्या, पंखा लावला. "त्याला तर उलट बरंच पडेल, म्हशी जवळ," असं मी स्मिताला म्हणालो. ती काही बोलली नाही. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झालीत, ती गप्प बसते म्हणजे काय ते मला कळतं. तरीही मी कळून घेतलं नाही.

तात्याला विचारलं का नाही? हे तुम्ही विचारणारच. सांगतो. विचारलं असतं तर तो लगेच हो म्हणाला असता. आणि तो हो म्हणताना मला त्याच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

तो गेला त्या सकाळी रिक्षा दारात आली. तात्याने पिशवी घेतली, उंबऱ्यावर थांबला आणि म्हणाला, "येतो रं बाळ्या. खाटेवरची मच्छरदानी तेवडी खाली सोडून ठेव, उंदरं घान करतात." मी हो म्हणालो. रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली आणि दुसऱ्या बाजूने खोपोलीवाल्याचा टेंपो आला. मीच वेळ दिलेली होती. माणसांनी खाट उभी करून बाहेर काढली, ट्रंक काढली, भिंतीवरचा देवाचा फोटो काढला. मी कुंचा घेऊन केर काढायला लागलो, तशी स्मिता स्वयंपाकघरातून आली.

"अहो, माणूस आत्ता उंबरा ओलांडून गेलंय. केर तरी संध्याकाळी काढा."

गावाला निघालेल्या माणसामागे लगेच केर काढायचा नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. का नाही, तर तो परत येताना वाट चुकतो म्हणतात. मी हसलो. म्हटलं, "अगं, चौकला चाललाय, काशीला नाही." आणि केर काढून अंगणात टाकला.

काम भराभर झालं. भिंतींना गडद राखाडी रंग, खिडकीला आतून प्लायवूड, त्यावर काळं कापड. दिवाळीची सुट्टी लागली होती, मी दिवसभर घरीच. तात्याची ती लाकडी हातांची खुर्ची कुठे ठेवायची सुचेना, म्हणून फणसाखाली नेऊन ठेवली. पाऊस तर संपला होता.

तात्या रोज ताईच्या फोनवरून बोलायचा. ऑपरेशन व्यवस्थित झालं होतं. "माझी खोली झाडतोस ना रं? मच्छरदानी सोडलीस?" मी म्हणायचो, हो तात्या. मग म्हणायचा, "डाक्टर मला लवकर सोडील असं दिसतं." तेव्हा पडदा यायचा बाकी होता. मी ताईला परस्पर सांगितलं, इकडे झोडणी चालू आहे, भाताची धूळ उडते, डोळ्याला बरी नाही, अजून थोडे दिवस ठेवून घे. झोडणी चालू होती हे खरं. पण धुळीची काळजी मला डोळ्यासाठी नव्हती. ताईने ते तात्याला सांगितलं आणि तात्या म्हणाला म्हणे, "बाळ्या बोलतो तर बराबर असंल." हे ताईने मला फोनवर कौतुकाने सांगितलं, आणि मला जेवण गेलं नाही.

पडदा लागला. प्रोजेक्टर अजून खोक्यातच होता. दुपारी जेवून मी खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं, कुठून उजेड येतोय का ते बघायला. आधी काहीच दिसलं नाही. डोळे सरावले तसा पडदा हळूहळू उजळायला लागला. पडद्यावर आमचं अंगण होतं. उलटं. खाली निळं आभाळ, वर जमीन, फणस शेंड्यावर उभा, आणि त्याची पानं हलत होती.

घाबरू नका, मीही घाबरलो नाही. उलट लहान पोरासारखा खूश झालो. दरवर्षी पुठ्ठ्याच्या खोक्याला भोक पाडून मुलांना जे दाखवतो, तेच हे. सुताराने वायरसाठी प्लायवूडला कापडासकट एक भोक पाडलं होतं, नंतर वायर दुसरीकडून घेतली आणि भोक तसंच राहिलं. काळोखी खोली, लहानसं छिद्र, समोर पांढरा पडदा — बाहेरचं चित्र उलटं होऊन आत येणारच. स्मिताला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "अगंबाई, आपलंच अंगण!" कोंबडी पळत गेली ती सुद्धा दिसली, पाय वर करून. आम्ही दोघं त्या अंधारात खूप हसलो. त्या सगळ्या दिवसांतला तेवढाच काय तो चांगला वेळ.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा गेलो. सहज, गंमत म्हणून. अंगण दिसलं, फणस दिसला, फणसाखालची खुर्ची दिसली. आणि खुर्चीत कोणीतरी बसलेलं होतं.

मान वाकडी करून नीट बघितलं. एक पाय खुर्चीवर घेऊन, एक खाली सोडून बसलेला माणूस. डोळ्यांवर काळा चष्मा. तोंड घराकडे. असं बसणारं आमच्या घरात एकच माणूस आहे... पण अंगात निळा चौकटीचा शर्ट होता, आणि तात्याकडे तसा शर्टच नाही. तो जन्मभर पांढरी बंडी घालत आलाय. म्हणजे दुसरं कोणीतरी, असं म्हणून मी बाहेर गेलो.

खुर्ची रिकामी होती. अंगणात चिटपाखरू नव्हतं, नुसतं ऊन. मी फाटकापर्यंत जाऊन रस्ता बघून आलो. परत आत आलो, दार लावलं. तो बसलेलाच होता.

आता मी काय केलं ते मन घट्ट करून सांगतो. मी विज्ञानाच्या मास्तराने जे करायला हवं तेच केलं. पडताळणी केली. पुन्हा बाहेर गेलो, खुर्ची बघितली, रिकामी. पुन्हा आत आलो. मग स्मिताला बोलावलं. काही न सांगता तिला पडद्यासमोर उभं केलं. डोळे सरावायला वेळ लागला, आणि मग ती अगदी हळू म्हणाली, "तात्या आलेत."

आणि दाराकडे निघाली. मी तिचा हात धरला. म्हटलं, "थांब. तू इथेच उभी राहा आणि पडद्यावर बघत राहा. मी बाहेर जातो. काय दिसतं ते सांग मला."

बाहेर गेलो. खुर्चीसमोर उभा राहिलो. खुर्चीभोवती एक फेरी मारली, तिच्या लाकडी हातावर हात ठेवून बघितला. लाकूड उन्हाने तापलेलं होतं. बाकी काही नाही. मी वळलो आणि आत आलो.

स्मिता अंधारात रडत होती.

"तुम्ही त्यांच्या पुढ्यात उभे होतात," ती म्हणाली. "त्यांनी मान वर करून तुमच्याकडे बघितलं. काहीतरी बोलले. मग हात पुढे केला. आणि तुम्ही पाठ फिरवून निघून आलात."

पडद्यावर आता खुर्ची रिकामी होती.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते तुम्हाला कळलंच असेल. ताईला फोन लावला, नंबर लागेना. लागला तेव्हा ताई वैतागून म्हणाली, "अरे, काय झालंय काय तुला? जेवून झोपलाय तो. हे काय, माझ्यासमोर घोरतोय." मी तिला त्याला उठवायला लावलं. बऱ्याच वेळाने तात्या फोनवर आला. मी म्हटलं, "तात्या, बरा आहेस ना?" तो नुसतं "हां" म्हणाला. मग म्हणाला, "ठेव आता. पडतो जरा." खोलीचं विचारलं नाही, मच्छरदाणीचं विचारलं नाही. त्या दिवसानंतर त्याने कधीच विचारलं नाही.

मी त्या भोकात एम-सील भरलं. दुसरं काय करणार होतो? खोपोलीवाला येऊन प्रोजेक्टर लावून गेला. चित्र झकास होतं, हे कबूल करायला हवं. एक मॅच लावून बघितली. मैदान एवढं मोठं, एवढं हिरवं. स्मिता आली नाही. मी एकटा त्या अंधारात बसलो होतो आणि मागच्या बंद केलेल्या खिडकीकडे सारखी मान वळत होती. खिडकीपलीकडे कोणी बसलंय आणि मी त्याच्यावर फळी ठोकलीय, असं वाटत राहिलं. मला बघवेना. अर्ध्यातच बंद केलं.

दुसऱ्या दिवशी चौकला गेलो. सगळं सांगून टाकायचं ठरवूनच निघालो होतो.

ताईच्या ओट्यावर तात्या बसला होता. काळा चष्मा, एक पाय वर, एक खाली. अंगात निळा चौकटीचा शर्ट. ओट्यासमोर जाऊन मी तसाच उभा राहिलो. ताई पाणी घेऊन आली आणि माझी नजर बघून म्हणाली, "चांगला दिसतो ना? बंडी डोक्यातून घालताना डोळ्याला लागेल म्हणून पुढून बटणाचा आणला. परवा-तेरवाच घातलाय." हा शर्ट मी आधी बघितलेला नव्हता. फोटो नाही, व्हिडिओ कॉल नाही, काही नाही.

ताई आत गेल्यावर मी सुरुवात केली. "तात्या, तुला एक सांगायचंय. तुझी खोली..."

"ठाव हाय," तो म्हणाला.

रस्त्यावरून एक ट्रक गेला, तो जाईपर्यंत थांबावं लागलं.

"कोण बोललं तुला?"

"कोन कशाला बोलंल? मी आलतो की."

तो काळ्या चष्म्याआडून रस्त्याकडे बघत होता. रागावलेला नव्हता. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

"दुपारचा डोळा लागला व्हता," तो म्हणाला. "घरी आलो तं वाटच गावंना. गाव तोच, आपलंच घर, पन दार कुटं ते समजंना. खिडकी बी दिसंना, नुसती भिंत. मग खुर्ची दिसली फनसाखाली, तिकडंच बसलो. बोललो, कोन तरी येईलच बाहेर. तू आलास."

"तात्या..."

"दोन-तीनदा आलास. माझ्याकडं बघितलंस, आत गेलास. मग पुन्ना आलास, गोल फिरलास, खुर्चीच्या हाताला हात लावलास. मी बोललो, बाळ्या, तान लागली रं, पानी दे. हात पन केला. तू तसाच आत गेलास."

मग तो म्हणाला, अगदी समजुतीच्या आवाजात, मला शाळेत सोडताना बोलायचा तसा, "खोलीचं काय नाय रं. घर तुझं हाय, तुला हवी ती कर. मला कुटंही पडायला चालतं. पन आलेल्या मानसाला ये बस तरी बोलायचं असतं. वैऱ्याला पन बोलतो आपन."

मी त्याच्या पायाशी ओट्यावर बसलो आणि रडलो. चांगला मोठ्याने रडलो, समोर गॅरेजमधली माणसं बघत होती. तात्याने पाठीवर हात ठेवला. "सपान व्हतं ते," म्हणाला. "सपनाचं काय मनाला लावून घेतोस?" त्याला वाटलं मी त्याच्या स्वप्नाबद्दल रडतोय. पडद्यावर मी काय बघितलं ते मी त्याला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

संशयी मन कसं असतं बघा. घरी येऊन मी स्मितालाच विचारलं, तू ताईला फोन करून काही सांगितलंस का? ती इतकी संतापली की दोन दिवस बोलली नाही. ताईला आडून आडून विचारलं. तिला खोलीचं सुद्धा काही माहीत नव्हतं, खुर्ची तर लांबच. आणि माहीत असतं तरी तो निळा शर्ट माझ्या पडद्यावर कसा आला, ते कोण सांगणार?

प्लायवूड काढलं. खिडकी उघडली. भिंतींना पुन्हा चुन्याच्या रंगाचं डिस्टेंपर मारलं — राखाडी रंग झाकायला हातावर हात द्यावे लागले. खाट, ट्रंक, देवाचा फोटो, सगळं होतं तिथे. मच्छरदाणी मी स्वतः बांधली. प्रोजेक्टर आणि पडदा वरच्या खोलीत खोक्यात आहेत. विकवत नाही आणि लावायला धजत नाही. मग मीच गाडी घेऊन चौकला गेलो आणि तात्याला घरी आणलं. त्याने खोली बघितली, खिडकीतून बाहेर बघितलं, आणि म्हणाला, "उगा एवडा खर्च केलास." डोळा आता उत्तम आहे. पेपर वाचतो, म्हशींचं बघतो, माझ्याशी पूर्वीसारखाच बोलतो.

छिद्रातून चित्र उलटं का पडतं, ते मी तुम्हाला फळ्यावर काढून दाखवू शकतो. खुर्चीत जो माणूस नव्हता त्याचं चित्र कसं पडलं, ते नाही दाखवू शकत. चौकमध्ये घोरत असलेल्या माणसाला कडावच्या अंगणात तहान कशी लागते, तेही नाही. खूप विचार केला, खूप वाचलं. उत्तर नाही.

पण मला झोप लागत नाही ती त्यामुळे नाही.

तात्या घरी आल्यापासून एक नवीनच झालंय. तो म्हशी सोडून येतो, दुकानातून येतो, देवळातून येतो, आणि दाराशी येऊन थांबतो. चपला काढतो, पण उंबरा ओलांडत नाही. दार सताड उघडं असतं. ज्या घरासाठी त्याने जन्म घालवला त्या घरासमोर तो पाहुण्यासारखा उभा राहतो. रुसून नाही, मला टोमणा म्हणूनही नाही. मी एकदा विचारलं, तात्या, असा का थांबतोस? तर तोच गोंधळला. म्हणाला, "थांबतो का रं मी?"

मग बाहेरून त्याचं खाकरणं ऐकू आलं की मी हातातलं टाकून धावतो. तपासायच्या वह्या तशाच राहतात. दारात जाऊन म्हणतो, "ये तात्या. आत ये, बस. पाणी देऊ?" त्यानंतरच तो आत येतो.

मी घरात नसतो तेव्हा किती वेळ उभा राहतो, ते स्मिता मला सांगत नाही.